आजीच्या ओव्या आणि जुना फोन

कतारच्या दोह्यातल्या अल थुमामात मुलांकडे आलेल्या आजीच्या ओव्या टिपायला नवा फोन लागतोच असं नाही. कपाटात पडलेल्या बटणांच्या फोनमध्ये ‘व्हॉइस रेकॉर्डर’ असेल तर तोही चालतो, बऱ्याचदा अगदी सिमकार्डाशिवाय.

असे बरेच फोन आवाज ‘एएमआर’ स्वरूपात साठवतात. त्यात सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात आणि तेही खूप दाबून साठवले जातात, म्हणून मिनिटभराचं बोलणं सुमारे ९० केबीत मावतं. शब्द स्वच्छ कळतात. पेटी आणि टाळांचा गोडवा मात्र हरवतो. काही फोन मिनिटभरातच थांबतात, तेव्हा एकेक ओवी वेगळी घ्यावी.

खरा त्रास एसीच्या घरघरीचा. तेवढा वेळ तो बंदच ठेवा. फोनच्या खालच्या कडेला माइकचं बारीक भोक असतं, ती बाजू आजीकडे करून वीतभर अंतरावर धरा. फाइल संगणकावर घेतली की ‘व्हीएलसी’त वाजते. एमपीथ्री करून गावी जरूर पाठवा, पण मूळ फाइल पुसू नका.

आणि आधी आजीला विचारा. संमतीशिवाय कुणाचं खासगी बोलणं टिपणं कतारमध्ये गुन्हा आहे.