बाल्कनीचा सरकता दरवाजा बदलताना
मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा बदलताना चौकटीचा विचार आधी करावा लागतो. कारण लेप नसलेल्या ॲल्युमिनियमवर तेथे पांढरी भुकटी धरते, तर यूपीव्हीसी हे कडक प्लास्टिक गंजत नाही. काच टफन्ड, म्हणजे तापवून झपाट्याने थंड केलेली असावी, कारण ती फुटल्यास तिचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात. मात्र ती नंतर कापता येत नसल्याने रुंदी व उंची तीन-तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजूनच मागणी नोंदवणे अत्यावश्यक ठरते. 5 मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला 12.5 किलो भरते आणि तो भार खालच्या चाकांवर येतो. सर्वांत दुर्लक्षित राहतात ती खालच्या पट्टीतील, पावसाचे पाणी बाहेर सोडणारी भोके; मिस्त्रीने सिलिकॉन भरताना ती बुजवली, तर पहिल्याच मुसळधार पावसात पाणी थेट खोलीत शिरते.