परदेशच्या सफरीत दुसऱ्याचे ओझे नको

आम्ही चिखलदऱ्यात कापडाचा धंदा करतो. हंगामात परतवाड्याहून माल वर आणायचा असला की ओळखीच्या गाडीवाल्याकडे गठ्ठा देतो आणि तो घाट चढून बरोबर दुकानात पोहोचतो. आत काय आहे हे कोणी विचारत नाही. अचलपूर, परतवाडा, चिखलदरा या पट्ट्यातली तिजारत अशीच भरवशावर चालते. ही रीत चांगलीच आहे. परंतु परदेशच्या विमानात बसताना ती घरी ठेवून जावे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

आज आपले व्यापारी आणि कारागीर बंधू दुबईला फिरायला जातात, उमऱ्याला जातात, माल पाहायला चीनला जातात. निघण्याची खबर लागली की कोणी मामू, कोणी शेजारी एक पुडके घेऊन हजर होतो. "तिकडे माझा माणूस येऊन घेईल" एवढेच सांगतो.

दोहाचे प्रकरण

जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण मुस्लिम जोडपे कतारला फिरायला गेले. सफरीचा खर्च नात्यातल्याच एका बाईने केला होता. तिने सोबत एक पाकीट दिले आणि आत जर्दा असल्याचे सांगितले. दोहाच्या विमानतळावर सामानात ४.१ किलो चरस निघाला. दोघांना १० वर्षांची सजा झाली. पत्नी गरोदर होती. फेब्रुवारी २०२० मध्ये तिची मुलगी कैदेतच जन्मली. इकडे वडिलांनी तक्रार केली, एनसीबीने तपास केला आणि भारत सरकारनेही प्रयत्न केले. मार्च २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले व एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. बेगुनाह असूनही जवळपास पावणेदोन वर्षे गेली.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बॅग ज्याच्या नावावर, त्यातला माल त्याचाच धरला जातो. "मला ठाऊक नव्हते" हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते, तेही परक्या भाषेत. सौदी अरबमध्ये नशेच्या मालाच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंत सजा आहे.

सामान बांधताना

१) बॅग स्वतः भरावी, कुलूप लावावे आणि विमानतळावर कोणाच्या हवाली करू नये.

२) घरच्यांनी दिलेला डबाही उघडून पाहावा. आपल्या रश्श्यात खसखस लागतेच, पण संयुक्त अरब अमिराती आणि सौदीत ती नेण्यास बंदी आहे. मसाल्याच्या पुडीतूनही जाऊ देऊ नये.

३) औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी ठेवावी. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली दुखण्याची, खोकल्याची औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत. त्यांच्यासाठी तिथल्या सरकारची परवानगी आधीच घ्यावी लागते.

उधारीचे ओझे

पुडक्यासारखेच दुसऱ्याचे कर्जही गळ्यात पडते. चीनमधील यिवू हे घाऊक मालाचे मोठे बाजारपेठेचे शहर. २०११ च्या डिसेंबरात तिथे मुंबईच्या दोघा भारतीयांना स्थानिक पुरवठादारांनी अडकवून ठेवले. ते ज्या कंपनीचे काम पाहत होते, तिचा मालक देणी थकवून पळाला होता. त्यांना सोडवायला गेलेला भारतीय अधिकारीही त्या गोंधळात आजारी पडला. पुढे भारतीय दूतावासाने आपल्या व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहण्याची सूचना काढली. म्हणून परदेशात कोणाच्या व्यवहारात जामीन राहू नये, कोणासाठी ऑर्डरवर सही करू नये. जी भाषा वाचता येत नाही, त्या कागदावर तर मुळीच सही करू नये.

प्रसंग आलाच तर

पासपोर्ट आणि व्हिसाच्या नकला वेगळ्या खिशात ठेवाव्यात, एक जोड घरीही द्यावी. निघण्यापूर्वी तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर लिहून घ्यावा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत खबर द्यावी, मग दूतावासात जावे. परत येण्यासाठी तात्पुरता दाखला मिळतो. अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवा अशी मागणी करावी. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने हा हक्क दिला आहे. घरच्यांना परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

नकार कसा द्यावा

खरी अडचण कायद्याची नसते, मुरव्वतीची असते. नात्यातल्या माणसाला नाही कसे म्हणावे? आमचा सल्ला असा की घरात पहिल्यापासून एकच नियम ठेवावा आणि तो सगळ्यांना सारखाच सांगावा: "आमच्या बॅगेत आमचेच सामान जाते. तुमची वस्तू कुरिअरने पाठवू, कागद तुमच्या नावाने करू." ज्याचा माल साफ आहे, तो यावर नाराज झाला तरी दोन दिवसांत विसरेल. कागदावर नाव लिहायलाच जो तयार नाही, त्याचे पुडके का घ्यावे, हा विचार प्रत्येक बंधूने निघण्यापूर्वी करावा.