शंभरातल्या चारजणी

देशातल्या तुरुंगांत शंभर माणसं असतील तर त्यांतल्या चार बायका. 2000 साली हे प्रमाण 3.3 टक्के होतं, 2015 साली 4.3 झालं आणि पुढे चारच्या आसपासच घुटमळत राहिलं. एवढ्याशा आकड्याकडे सरकार कशाला बघेल? पण टक्का बाजूला ठेवून डोकी मोजली की चित्र पालटतं. 2015 अखेर तुरुंगात 17,834 स्त्रिया होत्या, 2022 अखेर 23,772. जगभरातही हेच चाललंय: 2000 पासून दोन दशकांत कैदी पुरुष साधारण 22 टक्क्यांनी वाढले, स्त्रिया जवळपास 60 टक्क्यांनी.

आता खरी मेख. 2015 मधल्या स्त्रियांपैकी 11,916 कच्च्या कैदी होत्या, म्हणजे खटला चालू, निकाल नाही. 2022 साली कच्च्या कैदी 18 हजारांवर गेल्या. वजाबाकी करून पाहा. शिक्षा झालेल्या बायका वाढलेल्याच नाहीत. वाढल्या त्या सगळ्या तारखांवर लटकलेल्या. बायका जास्त गुन्हे करू लागल्या, असं चहाच्या टपरीवर ऐकू येतं, त्याला या आकड्यांत तरी आधार सापडत नाही.

आता आमच्या सिंधुदुर्गातल्या कुडाळच्या बाईचं काय होतं ते बघू. पोलीस ठाणं गावात, न्यायालय गावात, सत्र न्यायालय आणि जिल्हा कारागृह तालुक्यातल्याच ओरोसला. सावंतवाडीत संस्थानी वळणाचा जुना तुरुंग. पण बायकांची मोठी सोय म्हणाल तर घाट चढून कोल्हापूरचं कळंबा, त्याच्या पुढे पुण्याचं येरवडा, नाहीतर थेट मुंबईचं भायखळा. लांब मुदतीची शिक्षा झाली की मुलाखतीला जायचं म्हणजे घरच्यांचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. नवरा आत असला की बायको पिशवी भरून जाते. बायको आत असली की कोण जातं, हे कुणालाही विचारा.

कायदा बाईशी तसा मवाळ आहे. जामीन सहसा न मिळणाऱ्या गुन्ह्यांतही स्त्री आहे म्हणून जामीन देता येतो, ही तरतूद जुनीच. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत एरवी बाईला अटक नाही, हे 2005 च्या दुरुस्तीनं आलं. आणि कोठडीत स्त्री पोलिसांचाच पहारा हवा, हा आदेश तर महाराष्ट्रातल्याच प्रकरणात झाला. पत्रकार शीला बारसे यांनी मे 1982 मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंच्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल दिला. पुढे जून 2017 मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात मंजुळा शेट्ये या कैदी बाईचा मृत्यू झाला. दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले म्हणून मारहाण झाली, असा आरोप, आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला तुरुंगातल्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर. पहारा बाईचा असला की बाई सुरक्षित, हे गृहीत तिथेच ढासळलं.

मग जामिनाबाबत कायदा मवाळ असताना, जामीन मंजूर होऊनही बाई आत का? कोकणात उत्तर बऱ्याचदा सातबाऱ्यावर असतं. जामीनदाराकडून ऐपतीचा दाखला मागितला जातो. तो तहसीलदाराकडचा, आणि त्यासाठी उतारा लागतो. आमच्याकडचा उतारा म्हणजे आजोबा-पणजोबांपासूनच्या सहहिस्सेदारांची रांग: अर्धे मुंबईला चाकरमानी, काही वारलेले पण वारसनोंद न झालेले. काजूची बाग सामाईक, घर सामाईक, त्यात एका माणसाची ऐपत काढायची कशी? बाईचं स्वतःचं नाव बहुधा नसतंच. असलं तर माहेरच्या उताऱ्यावर, भावांच्या खाली. त्यातून फिर्याद सासरचीच असेल, तर जामीनदार म्हणून कोण उभं राहणार? हुंड्याच्या गुन्ह्यात सासू आत गेली की सगळं घरच आरोपी. सुनेला न्याय देणारं दंडसंहितेतलं 1983 चं 498-अ कलम, 2024 पासून न्याय संहितेत गेलेलं, मला आजही हवं वाटतं. पण त्यातून आत गेलेल्या म्हाताऱ्या बाईलाही जामीनदार लागतोच.

आईबरोबर आत असलेल्या मुलांचं तर बोलायलाच नको. 2022 अखेर अशी 1,764 मुलं होती. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा निकाल. सातव्या वर्षी ते कुठे जातं, हा प्रश्न त्या घराचा.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना 2023 पासून आहे. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि जिल्हा समिती रक्कम भरू शकते, 2023 च्या नियमांत 40,000 रुपयांपर्यंत. चांगलं आहे. पण हे पैसे झाले. न्यायालय मागतं ते माणूस. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितलेलं मला जास्त कामाचं वाटतं: स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेच उशिराचं एक कारण आहे, तेव्हा ती अट घालू नये, आणि महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर अटी सैल करायचा विचार व्हावा. ओरोस आणि कुडाळच्या वकिलांनी हा आदेश अर्जाला जोडायला सुरुवात करावी, तारीख टाकून.