ज्यांना तक्रार करता येत नाही, त्यांचे निवासगृह

माझ्या मावशीचे निधन झाले तेव्हा तिचा मुलगा ४४ वर्षांचा होता. घरात सगळेच त्याला भैया म्हणतात. त्याला आपले नाव लिहिता येते, बसचा क्रमांक ओळखता येतो. पैशांचा हिशेब मात्र जमत नाही आणि दुखणे शब्दांत सांगता येत नाही. मावशीनंतर आम्ही भावंडांनी बरीच शोधाशोध करून उत्तर भारतातील एका शहरात त्याच्यासाठी निवासी संस्था निवडली. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर होते, खाटांमध्ये पुरेसे अंतर होते, स्वयंपाकघरात आठवड्याच्या जेवणाचा तक्ता टांगलेला होता. आम्ही समाधानाने परतलो.

पाच महिन्यांनी मी भेटायला गेलो, तेव्हा भैयाचे कपडे त्याच्या अंगावर लोंबत होते. नोंदवहीत सलग दोन आठवडे एकच शेरा होता : ‘जेवत नाही, हट्ट करतो.’ दोनदा त्याने ताट भिरकावल्याची नोंद होती आणि त्यावर उपाय म्हणून त्याला शांत ठेवणारे औषध सुरू झाले होते. मी त्याला दंतवैद्याकडे नेले ते केवळ एका जुन्या आठवणीमुळे. लहानपणी दाढ दुखू लागली की तो असाच ताट भिरकावत असे. तपासणीत दाढेखाली पू झाल्याचे आढळले. दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी तो पोटभर जेवला.

त्या संस्थेत कोणी क्रूर नव्हते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. भैयाला ओळखणारे तिथे कोणी नव्हते, इतकेच. सुरुवातीला त्याला सांभाळणारा काळजीवाहक नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या तरुणावर रात्रपाळीत तीस जणांची जबाबदारी होती. रुग्णाचे प्रत्येक वागणे त्याच्या अक्षमतेच्या खाती टाकायचे आणि खरा आजार नजरेआड होऊ द्यायचा, या चुकीला वैद्यकशास्त्रात ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ असे नाव आहे. निवासगृहाच्या गुणवत्तेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्यातील बदल कोणाच्या लक्षात येतो?

हा प्रश्न एका कुटुंबापुरता नाही. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख नोंदवली गेली होती. त्यांपैकी बहुसंख्य आजही आईवडिलांच्या आधाराने जगतात आणि ‘आमच्यानंतर काय?’ ही त्या आईवडिलांची चिंता असते. त्या प्रश्नाला शासनाने दिलेले उत्तर किती तोकडे आहे, हे दिल्लीतील रोहिणी येथील ‘आशा किरण’ या सरकारी संकुलाने दाखवून दिले. जुलै २०२४ मध्ये एकाच महिन्यात तेथील १४ निवासी दगावले. इतके मृत्यू हा योगायोग असू शकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सुनावले. संकुलात क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक लोक राहत होते. गर्दी आणि अपुरे कर्मचारी यांवर महालेखापरीक्षकांनी कित्येक वर्षे आधीच बोट ठेवले होते. म्हणजे माहितीची उणीव नव्हती.

त्याआधी, २००९ मध्ये, चंडीगडच्या एका सरकारी आश्रयगृहातील तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले होते. तिच्यावर अत्याचार झाला तो त्या सरकारी छत्राखालीच आणि तो उघडकीस आला तिचे गर्भारपण लक्षात आल्यावर. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, हा न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा मानला जातो आणि तो आहेही. मला मात्र त्यातील दुसरी बाब अस्वस्थ करते. शरीरानेच साक्ष दिली नसती, तर तिचे म्हणणे कधी कोणाच्या कानावर गेले असते का?

आपल्याकडे कायद्यांचा तुटवडा नाही. १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समित्यांना पालक नेमण्याचा अधिकार मिळाला. न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत प्रौढांसाठी निवासाची सोयही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देतो, कोणत्याही विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही असे सांगतो आणि संस्थांना नोंदणी बंधनकारक करतो. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे, हे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ योग्यच सांगतो. परंतु त्यामुळे त्या कायद्यातील पुनरावलोकन मंडळांची देखरेख या निवासगृहांना आपोआप लागू होत नाही. मग उरते ती नोंदणी. आणि नोंदणीच्या वेळी मोजले जाते ते भिंत, खाट, शौचालय आणि कागद.

या सोयी आवश्यकच आहेत. आम्हीही त्याच पाहून भैयाला तिथे ठेवले होते. पण माणसाचे जगणे त्यांतून कळत नाही. स्वीडनच्या बेंग्ट निरये यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार साधा होता : दिव्यांग व्यक्तीच्याही दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला इतरांसारखीच लय असावी. सकाळी कधी उठायचे, कोणता सदरा घालायचा, सणाला कोणाकडे जायचे, यांत तिचा काही शब्द चालावा. शंभर खाटांच्या दालनात हे घडणे कठीण असते. तमिळनाडूतील ‘द बनियन’ ही संस्था दीर्घकाळ मानसिक आजाराशी झुंजणाऱ्यांना २०१५ पासून वस्तीतील साध्या घरांत चार-पाच जणांच्या गटाने राहण्याची संधी देते. गरजा वेगळ्या असल्या, तरी घर लहान असले की माणूस ओळखीचा होतो, हा धडा येथेही लागू पडतो.

लहान घरे महाग पडतील, ही हरकत खोटी नाही. पण काही सुधारणांना इमारत लागत नाही. काळजीवाहक किती काळ टिकतात, हे तपासणीत मोजावे आणि ते टिकावेत यासाठी त्यांना वेळेवर व पुरेसे वेतन मिळावे. शांत ठेवणाऱ्या प्रत्येक औषधाचा बाहेरच्या डॉक्टरांकडून ठरावीक मुदतीने आढावा व्हावा. संस्थेशी संबंध नसलेली व्यक्ती दर महिन्याला, पूर्वसूचना न देता यावी. प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये सुरू झालेल्या अशा आढाव्यांतून टाळता येण्याजोग्या मृत्यूंचे प्रमाण ठळकपणे पुढे आले. आपल्याकडे ‘आशा किरण’शी निगडित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये देशभरातील अशा संस्थांच्या पाहणीचे काम राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे सोपवले. ही पाहणी खाटा मोजून थांबू नये.

भैया आजही त्याच संस्थेत आहे. त्या प्रसंगानंतर मी दीड पानांचे टिपण लिहून त्याच्या फाइलमध्ये लावले : दुखले की तो काय करतो, घाबरला की कुठे जाऊन बसतो, कोणते गाणे लावले की शांत होतो. नवा काळजीवाहक रुजू झाला की व्यवस्थापक आता ते पान त्याला आधी वाचायला देतात. याला खर्च काहीच आला नाही. मात्र त्या दालनात भैयाखेरीज आणखी २९ जण राहतात आणि त्यांतील अनेकांना भेटायला कोणीच येत नाही. त्यांचे पान कोणी लिहायचे, हे ठरवणे ही शासनाची जबाबदारी आहे.