अपुऱ्या दिवसांचे मूल व शाळा

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मास आलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनभागात हिवताप, पांडुरोग व सिकलसेल यांमुळे हा धोका वाढतो. गरोदरपणी रक्तदाब चढला तर वारेतून गर्भास मिळणारे रक्त घटते, मुलाची वाढ पोटातच खुंटते आणि कित्येकदा मातेचा जीव वाचविण्यासाठी प्रसूती लवकर करावी लागते.

पूर्वी अशी कितीतरी मुले शाळेपर्यंत पोहोचतच नसत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बालकांची घरीच शुश्रूषा केली. तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

वाचलेली मुले वर्गात येतात. सर्वांनाच त्रास होतो असे नाही. परंतु कोणास फळा नीट दिसत नाही, कोणास कमी ऐकू येते, कोणी धावताना धापा टाकते. लक्ष टिकत नाही, अंकगणित जड जाते. हा आळस नव्हे. छडी कायद्याने बंद झाली. टोमणे मात्र चालूच आहेत.

प्रवेशाच्या वेळी मूल कितव्या महिन्यात जन्मले हे मातेस आपुलकीने विचारावे. दोषाचा सूर नसावा. माडिया वा गोंडी बोलणाऱ्या मातेस तिच्याच भाषेत, अंगणवाडीताईंच्या मदतीने विचारल्यास उत्तर मोकळेपणी मिळते. अशा मुलास पुढे बसवावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येताच त्याचे डोळे व कान आवर्जून तपासून घ्यावेत.