तीन मिलिमीटर

दातांच्या एक्स-रेवरून बाईच्या कमरेचं, मनगटाचं हाड ठिसूळ झालं असेल अशी शंका घेता येते, हे एका दंतवैद्य बाईंकडून ऐकलं आणि ते पाहायला मी त्यांच्या तेलंगणातल्या आदिलाबादच्या दवाखान्यात गेले. इथे बेला, जैनथकडच्या मराठी बायका बऱ्याच येतात. खोलीभर लवंगतेलाचा वास होता.

सत्तरीच्या एका आजींच्या खालच्या दाढा हलत होत्या. "भाकर कुस्करून खातो," म्हणाल्या. एक्स-रेआधी अंगावरचा धातू काढावा लागतो. कानातलं, पोत निघाली. नाकातली फुली निघेना. "लग्नापासून काहाडली नाही वं बाई." एक्स-रे काढणाऱ्या मुलीने कापसाला खोबरेल लावलं, फुली हळूहळू फिरवत सोडवली, कागदात गुंडाळून आजींच्या मुठीत दिली. मागे रांग होती, तरी तिने घाई केली नाही. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. पुढचं काम काही सेकंदांचं: हनुवटी टेकवायची, पट्टी दातांत धरायची, यंत्र डोक्याभोवती फिरतं.

पडद्यावर डॉक्टरबाईंनी दाढांआधी जबड्याची खालची कड दाखवली. तिथे हाडाचा कठीण थर पांढरा दिसतो. आजींचा विरलेल्या लुगड्याच्या काठासारखा झाला होता. हनुवटीच्या बाजूला जिथून नस बाहेर येते, त्याच्या बरोबर खाली थराची जाडी मोजतात. "तीन मिलिमीटर," बाई म्हणाल्या. त्याहून कमी भरली तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला सांगायचं. निदान डेक्साच करते. एक्स-रे फक्त इशारा देतो. आजींची जाडी तीन मिलिमीटरपेक्षा कमी होती.

मग बाईंनी विचारलं, "पिशवी काढली का?" काढली होती, पस्तिशीत. या प्रश्नाला इथे फार अर्थ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचं प्रमाण ज्या राज्यांत सर्वाधिक आढळलं, त्यांत आंध्र प्रदेश आणि तेलंगणा आहेत. अंडाशयही काढलं तर इस्ट्रोजेन त्याच दिवसापासून घटतं. ठेवलं तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. इस्ट्रोजेन कमी झालं की हाड भरण्यापेक्षा झिजण्याचा वेग वाढतो. दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाडही त्यातून सुटत नाही. हिरड्यांचा रोग जंतूंमुळे होतो, हे खरं. पण मूळचं हाडच विरळ असेल तर आधार लवकर सुटतो आणि मिश्री त्यात भर घालते. दात गेले की भाकरी, शेंगदाणे, तीळ ताटातून जातात आणि हाडाला हवं तेच पोटात कमी जातं. पस्तिशीतल्या बाईची पिशवी काढताना पुढच्या चाळीस वर्षांच्या हाडांचा विचार कोण करतं? मला तरी हे अन्यायाचं वाटतं.

आणखी एक धोका बाईंनी बजावून सांगितला. हाडांसाठीच्या ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असताना दात उपटला, तर क्वचित जखम भरत नाही आणि जबड्याचं हाड उघडं पडून मरतं. म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, पण दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगायचंच.

आई, सासू, आजी दाताच्या डॉक्टरकडे जातील तेव्हा सोबत जा. पाळी कधी गेली, पिशवी काढली का, औषधं कोणती, हे सगळं सांगा. डोक्याभोवती यंत्र फिरवून काढतात तो मोठा एक्स-रे काढलाच असेल तर जबड्याची खालची कडही पाहायला सांगा.