जुन्या विमानात नवी स्क्रीन बसवायला इतका उशीर का झाला?

ढगात शिरल्यावर पायलटला बाहेरचं काहीच दिसत नाही. विमान सरळ आहे की कललंय, हे शरीरालाही नीट कळत नाही. तेव्हा भरवसा ॲटिट्यूड इंडिकेटरवर, म्हणजे कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या यंत्रावर.

सेसना १७२ सारख्या जुन्या छोट्या विमानांत या यंत्रातला जायरो हवेच्या ओढीने फिरतो. ही ओढ इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप तयार करतो. पंप बंद पडला की जायरो एकदम थांबत नाही, हळूहळू मंदावतो. यंत्र चालूच दिसतं, पण चुकीचा कल दाखवतं. खरा धोका हाच!

मग इलेक्ट्रॉनिक स्क्रीन का नाही? हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या विमानांत ती आधीपासून होती. पण कारखान्यात बनलेल्या प्रमाणित विमानात मंजुरीशिवाय असा बदल करता येत नाही आणि मंजूर उपकरणं खूप महाग होती.

अखेर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफएएने डायनॉन डी-१०ए या स्वस्त स्क्रीनला सेसना १७२ सह काही विमानांसाठी मंजुरी दिली. त्याच वर्षी गार्मिन जी-५ लाही मंजुरी मिळाली. तिला पंप लागत नाही आणि विमानाची वीज गेली तर बॅटरीचा आधार असतो.

नियम सुरक्षेसाठीच होते. पण त्यांच्यामुळेच जास्त भरवशाचं यंत्र इतकी वर्षं कॉकपिटबाहेर राहिलं.